क्षमा, ख्रिस्ती धर्मातील

अन्याय करणाऱ्या व्यक्तीविषयीचा वैरभाव व तिच्यावर सूड उगविण्याचा हक्क स्वेच्छेने सोडून देणे, तिचे हित इच्छिणे आणि शक्य असेल तेथे तिच्याशी दुरावलेला संबंध पुन्हा जोडण्याची तयारी ठेवणे, यास ख्रिस्ती शिकवणुकीत क्षमा असे म्हणतात. ईश्वराने मनुष्याच्या पापांची केलेली क्षमा आणि मनुष्याने मनुष्याच्या अपराधांची केलेली क्षमा, अशा तिच्या दोन बाजू आहेत. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः दुसऱ्या बाजूचा विचार केला आहे. तथापि ख्रिस्ती मतानुसार या दोन्ही परस्परांपासून तोडता येत नाहीत. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायाच्या अखेरीस येशूने ही क्षमा अंतःकरणापासून असली पाहिजे, अशी अट घातली आहे. ही अट नेमकी काय मागते, अपराध विसरावयास सांगते काय, न्यायाचा आग्रह सोडावयास लावते काय, हे प्रश्न ख्रिस्ती नीतिविचारात प्रारंभापासून चर्चिले गेले आहेत.

शब्दार्थ : नवा करार ग्रीक भाषेत लिहिला गेला. त्यात क्षमा करणे या अर्थी मुख्यतः दोन क्रियापदे आढळतात. ‘आफिएमी’ या पहिल्या क्रियापदाचा मूळ अर्थ सोडणे, जाऊ देणे असा असून कर्ज माफ करणे या व्यावहारिक अर्थानेही ते योजले जाई. ‘खारिझोमाय’ हे दुसरे क्रियापद ‘खारिस’ म्हणजे कृपा या शब्दावरून आलेले असून त्यात मोबदल्याविना देण्याचा भाव आहे. पौलाच्या पत्रांत त्याचा वापर विशेष आढळतो. येशूच्या बोलीभाषेत, म्हणजे ॲरेमाइकमध्ये, ऋण आणि पाप या दोन्ही अर्थी ‘होबा’ हा एकच शब्द होता. प्रभूच्या प्रार्थनेच्या मत्तयातील पाठात ‘ऋणे’ आणि लूकमधील पाठात ‘पापे’ असा जो भेद दिसतो, त्याचा उलगडा यामुळे होतो. मत्तयातील या प्रार्थनेच्या प्रचलित मराठी भाषांतरातही ‘ऋण’ व ‘ऋणी’ हेच शब्द आले आहेत. ऋणाची ही कल्पना महत्त्वाची आहे; कारण ऋण सोडून देणारा ते ऋण नव्हतेच असे म्हणत नाही. उलट, येणे खरे होते हे मान्य करूनच तो त्यावरील आपला हक्क सोडतो.

जुन्या करारात ‘सालाख’ या हिब्रू क्रियापदाचा कर्ता नेहमी ईश्वरच असतो. माणसामाणसांतील क्षमेसाठी ‘नासा’ म्हणजे उचलणे किंवा वाहून नेणे, हे क्रियापद येते. क्षमा करणारा दुसऱ्याच्या अपराधाचा भार स्वतः उचलतो, ही जाणीव त्यातून व्यक्त होते.

यहुदी पार्श्वभूमी : येशूची शिकवण यहुदी परंपरेतून वाढली. लेवीय या ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात भावाचा मनातल्या मनात द्वेष करू नये, त्याला त्याचा दोष उघडपणे दाखवावा, सूड घेऊ नये व शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करावी, असे एकत्रितपणे सांगितले आहे. उत्पत्ती या ग्रंथातील योसेफाची कथा हे क्षमेचे अभिजात उदाहरण होय. भावांनी गुलाम म्हणून विकलेला योसेफ पुढे मिसर देशाचा अधिकारी होतो आणि दुष्काळात धान्यासाठी आलेल्या त्याच भावांना आश्रय देतो. मात्र ओळख देण्यापूर्वी तो त्यांची परीक्षा घेतो. धाकट्या भावाऐवजी स्वतः गुलाम होण्यास यहूदा तयार होतो, तेव्हा भावांचे हृदय पालटले असल्याची त्याला खात्री पटते. इ. स. पू. दुसऱ्या शतकातील बेन सिराच्या ग्रंथात शेजाऱ्याला क्षमा करणाऱ्याची पापे प्रार्थनेच्या वेळी क्षमा होतील, असा विचार आला आहे. इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ग्रंथानुसार प्रायश्चित्ताच्या दिवसाने ईश्वराविरुद्धच्या पापांचे क्षालन होते. परंतु माणसाविरुद्धच्या पापाचे क्षालन त्या माणसाची मनधरणी केल्याशिवाय होत नाही. दुखावलेल्या व्यक्तीला वगळून क्षमा मिळविता येत नाही, हे तत्त्व ख्रिस्ती विचारालाही वारशाने लाभले.

येशूची शिकवण : भावाला किती वेळा क्षमा करावी, सात वेळा काय, असे पेत्राने विचारले असता येशूने सातच्या अनेक पटींची संख्या सांगितली. ती सत्याहत्तर की सातांच्या सत्तर पटी, याविषयी भाषांतरकारांत मतभेद आहे. परंतु मोजदादच ठेवू नये, हा आशय स्पष्ट आहे. उत्पत्ती ग्रंथात लामेख आपला सूड सत्याहत्तर पट घेतला जाईल, अशी बढाई मारतो. येशूने सूडाचाच तो आकडा क्षमेसाठी वापरला, असे अनेक भाष्यकार मानतात.

यानंतर निर्दय चाकराचा दृष्टांत येतो. एका राजाच्या चाकराकडे दहा हजार टॅलेंट येणे होते. चाकराने गयावया केल्यावर राजाने ते सर्व माफ केले. बाहेर पडताच त्याच चाकराने शंभर दिनारांच्या कर्जासाठी आपल्या सोबत्याचा गळा धरला व त्याला तुरुंगात टाकले. हे कळताच राजाने आपली माफी मागे घेतली. एक टॅलेंट म्हणजे सुमारे सहा हजार दिनार आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. यावरून पहिले ऋण सहा कोटी दिवसांच्या मजुरीएवढे होते. वर्षाला तीनशे दिवस काम धरले, तरी ते फेडण्यास दोन लाख वर्षे लागली असती. दुसरे ऋण त्याच्या सहा लाखांश भागाएवढे होते. तथापि शंभर दिनार म्हणजेही मजुराची तीन-चार महिन्यांची कमाई होय. माणसाने माणसावर केलेला अन्याय क्षुल्लक असतो, असे दृष्टांत सुचवीत नाही. क्षमा करणारा स्वतः कोणत्या माफीवर जगत आहे, याचे स्मरण तो करून देतो.

डोंगरावरील प्रवचनात येशूने वेदीवर अर्पण वाहताना भावाची आपल्याविरुद्ध तक्रार असल्याचे आठवल्यास अर्पण तेथेच ठेवून प्रथम समेट करावा, असे सांगितले. येथे पुढाकाराची जबाबदारी अपराध्यावर आहे. मार्कच्या शुभवर्तमानात प्रार्थनेस उभे राहताना मनात कोणाविरुद्ध काही असल्यास क्षमा करावी, असे सांगून हीच जबाबदारी दुखावलेल्यावरही टाकली आहे. वधस्तंभावर असताना येशूने मारेकऱ्यांच्या क्षमेसाठी केलेली प्रार्थना लूकच्या शुभवर्तमानात आली आहे. काही प्राचीन हस्तलिखितांत हे वाक्य आढळत नाही; तरीही ख्रिस्ती क्षमाभावनेचा तो सर्वोच्च आदर्श मानला जातो. दगडमार होत असताना स्तेफन या पहिल्या हुतात्म्याने केलेल्या प्रार्थनेत त्याचेच अनुकरण दिसते.

अंतःकरणपूर्वकतेचा अर्थ : बायबलमधील ‘अंतःकरण’ (हिब्रू ‘लेब’, ग्रीक ‘कार्दिया’) हे केवळ भावनांचे स्थान नव्हे, विचार, निश्चय आणि सदसद्विवेक यांचेही ते केंद्र आहे. म्हणून अंतःकरणापासून क्षमा करणे म्हणजे दुखावल्याची भावना तत्काळ नाहीशी होणे नव्हे, तर बोलणे, वागणे आणि आतील संकल्प यांत दुजाभाव न राहणे होय. तोंडाने क्षमा उच्चारून मनात संधीची वाट पाहणे, अपराध्याला उपकाराच्या ओझ्याखाली ठेवणे किंवा जुना अपराध पुनःपुन्हा उकरून काढणे, या गोष्टी तिच्या विरुद्ध जातात. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक चर्चच्या धर्मशिक्षणग्रंथात अपराधाची वेदना न जाणवणे किंवा तो विसरणे मनुष्याच्या हाती नसते, हे मान्य केले आहे. पवित्र आत्म्याला वाहिलेल्या अंतःकरणात दुखापतीचे करुणेत आणि स्मृतीचे अपराध्यासाठी केलेल्या प्रार्थनेत रूपांतर होते, अशी त्याची भूमिका आहे. मानसशास्त्रज्ञ एव्हरेट वर्दिंग्टन यांनी निश्चयात्मक क्षमा आणि भावनिक क्षमा असा भेद केला आहे. पहिली एका क्षणी घडू शकते, तर दुसरीला दीर्घ काळ लागतो. क्षमा पुनःपुन्हा करावी, या उपदेशाचा एक अर्थ त्यामुळे असाही लावता येतो, की एकाच अपराधाची क्षमा तो आठवेल तेव्हा नव्याने करावी लागते.

क्षमा, पश्चात्ताप व समेट : अपराध्याने पश्चात्ताप केला नसताना क्षमा करावी काय, या प्रश्नावर नव्या करारातील वचने एकाच दिशेची नाहीत. लूकच्या सतराव्या अध्यायात भावाने अपराध केल्यास त्याला दोष दाखवावा आणि त्याने पश्चात्ताप केल्यास क्षमा करावी, असा क्रम आहे. मार्कमधील उपर्युक्त वचनात मात्र पश्चात्तापाची अट नाही. पुष्कळ धर्मशास्त्रज्ञ क्षमा आणि समेट यांत भेद करून या वचनांची संगती लावतात. वैरभाव सोडणे ही एकट्याने करता येण्याजोगी गोष्ट आहे. समेटाला मात्र दोघे लागतात आणि त्यासाठी अपराध्याची कबुली, पश्चात्ताप व शक्य ती भरपाई आवश्यक असते. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातच क्षमेच्या दृष्टांतापूर्वी अपराधी भावाला प्रथम एकांतात, मग साक्षीदारांसमक्ष आणि अखेर मंडळीसमोर जाब विचारण्याची रीत सांगितली आहे, हे येथे लक्षणीय आहे.

पौलाच्या पत्रांत ही दोन्ही अंगे दिसतात. इफिसकरांस व कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रांत देवाने केलेली क्षमा हेच परस्परांना क्षमा करण्याचे कारण व प्रमाण सांगितले आहे. करिंथ येथील मंडळीने एका सभासदाला शिक्षा केली होती. ती पुरेशी झाली असून आता त्याला क्षमा करून धीर द्यावा, अन्यथा तो दुःखात बुडून जाईल, असे पौलाने तिला कळविले. फिलेमोनाला लिहिलेल्या पत्रात ओनेसिम या गुलामाचा बंधू म्हणून स्वीकार करण्याची विनंती करताना, त्याच्याकडे काही येणे असल्यास ते आपल्या हिशोबी मांडावे, असे तो सांगतो. ऋणाची मूळ कल्पना येथे प्रत्यक्ष व्यवहारात उतरली आहे.

परंपरेतील विचार : संत ऑगस्टीन (३५४–४३०) यांच्या मते शत्रूवर प्रीती करण्याची पूर्णता सर्वांनाच साधत नाही, परंतु क्षमा मागणाऱ्याला तरी मनापासून क्षमा केलीच पाहिजे, कारण क्षमायाचना करणारा शत्रू राहत नाही. सेंट टॉमस अक्वाय्नस (सु. १२२५–७४) यांनी शिक्षेमागील हेतूवर भर दिला. अपराध्याचे वाईट व्हावे एवढ्यासाठी केलेली शिक्षा निषिद्ध होय. त्याची सुधारणा, इतरांचे रक्षण अथवा न्यायाची प्रस्थापना यांसाठी केलेली शिक्षा योग्य ठरू शकते. धर्मसुधारणेच्या काळात मार्टिन ल्यूथर (१४८३–१५४६) आणि जॉन कॅल्व्हिन (१५०९–६४) यांनी मनुष्याने इतरांना केलेली क्षमा ही ईश्वरी क्षमा मिळविण्याची किंमत नसून ती मिळाल्याची खूण आहे, असे प्रतिपादन केले. जोसेफ बटलर (१६९२–१७५२) या अँग्लिकन धर्मोपदेशकाने १७२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रवचनांत अन्यायाविषयीचा संताप ही ईश्वरानेच दिलेली व समाजरक्षणास उपयुक्त अशी प्रवृत्ती असल्याचे म्हटले आहे. त्या संतापाचे द्वेषात वा सूडात पर्यवसान होऊ न देणे हे क्षमेचे कार्य होय, असे त्याचे मत होते. आधुनिक नीतिशास्त्रातील क्षमेविषयीच्या चर्चेत त्याच्या या विवेचनाचा आजही आधार घेतला जातो.

उपासनेतही परस्परक्षमेला निश्चित स्थान आहे. कॅथलिक मिस्सामध्ये प्रभूच्या प्रार्थनेनंतर व ख्रिस्तप्रसाद घेण्यापूर्वी उपासक एकमेकांस शांतिचिन्ह देतात. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये महाउपवासकाळापूर्वीच्या रविवारी धर्मगुरूंसह सर्वजण एकमेकांची क्षमा मागतात. सिरियन ऑर्थोडॉक्स परंपरेत उपवासकाळाच्या प्रारंभी ‘शुब्कोनो’ हा क्षमाविधी होतो. केरळमधील त्या परंपरेच्या चर्चमध्येही तो पाळला जातो.

भारतातील दोन उदाहरणे : क्षमा आणि न्याय यांचा संबंध स्पष्ट करणारी दोन उदाहरणे भारताच्या अलीकडील इतिहासात आढळतात. ओडिशातील बारिपदा येथे कुष्ठरोग्यांची सेवा करणारे ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांचे फिलिप (वय १०) व टिमथी (वय ६) हे मुलगे यांना २२-२३ जानेवारी १९९९ च्या रात्री मनोहरपूर या गावी जमावाने मोटारीत जिवंत जाळले. मारेकऱ्यांविषयी मनात द्वेष नसून आपण त्यांना क्षमा केली आहे, असे त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी जाहीर केले आणि नंतरही काही वर्षे भारतात राहून कुष्ठसेवेचे कार्य चालविले. मात्र त्यांची क्षमा न्यायालयाच्या कामात आड आली नाही. क्षमा आणि गुन्ह्याचे कायदेशीर परिणाम या भिन्न गोष्टी आहेत, अशी त्यांची भूमिका होती. मुख्य आरोपीस २००३ मध्ये झालेली फाशीची शिक्षा उच्च न्यायालयाने २००५ मध्ये जन्मठेपेत बदलली व सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ती जन्मठेप कायम केली. ग्लॅडिस स्टेन्स यांना २००५ मध्ये पद्मश्री हा किताब देण्यात आला. सूड ईश्वरावर सोपवावा आणि अपराध्याला शासन करणे हे राज्यसंस्थेचे काम आहे, हे रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या व तेराव्या अध्यायांत लागोपाठ आलेले दोन विचार येथे एकत्र दिसतात.

दुसऱ्या उदाहरणात क्षमा समेटापर्यंत पोहोचली. मध्य प्रदेशातील भूमिहीन व कर्जबाजारी शेतकऱ्यांमध्ये कार्य करणाऱ्या सिस्टर राणी मारिया या फ्रान्सिस्कन धर्मभगिनीची २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसप्रवासात हत्या झाली. स्थानिक हितसंबंधीयांच्या चिथावणीवरून हे कृत्य करणाऱ्या समंदर सिंग यास जन्मठेप झाली. मृत सिस्टरची धाकटी बहीण सेल्मी पॉल हीदेखील धर्मभगिनी होती. २००२ मध्ये तिने तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. समंदर सिंगने पश्चात्ताप व्यक्त केला. पुढे त्याच्या मुदतपूर्व सुटकेस कुटुंबाने पाठिंबा दिला आणि सुटकेनंतर तो त्यांच्या घरी जाऊन आला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे राणी मारिया यांना ‘धन्य’ घोषित करण्यात आले, त्या समारंभासही तो उपस्थित होता.

सामूहिक क्षमा : व्यक्तीचे हे तत्त्व राष्ट्राच्या पातळीवर लागू करण्याचा मोठा प्रयोग दक्षिण आफ्रिकेत झाला. वर्णद्वेषी राजवट संपल्यावर १९९५ च्या कायद्यान्वये सत्य आणि समेट आयोग स्थापन झाला व आर्चबिशप डेझमंड टूटू (१९३१–२०२१) त्याचे अध्यक्ष झाले. राजकीय हेतूने केलेल्या गुन्ह्यांचे संपूर्ण सत्य उघड करणाऱ्यास अभय देण्याची तरतूद त्यात होती. पश्चात्तापाची मात्र कायदेशीर अट नव्हती. टूटू यांनी या कार्याची मांडणी ख्रिस्ती क्षमेच्या परिभाषेत केली. तथापि कोठडीत मरण पावलेले नेते स्टीव्ह बिको यांच्या कुटुंबीयांसह काहींनी अभयदानामुळे आपला न्याय मिळविण्याचा हक्क हिरावला जातो, अशी हरकत घटना न्यायालयात घेतली. न्यायालयाने १९९६ मध्ये कायदा वैध ठरविला. मात्र दुखावलेल्याच्या वतीने राज्यसंस्था क्षमा करू शकते काय, हा नैतिक प्रश्न त्यामुळे मिटला नाही. सायमन व्हीझेन्टाल (१९०८–२००५) यांनी ‘सूर्यफूल’ या अर्थाच्या शीर्षकाच्या आपल्या ग्रंथात हाच प्रश्न मांडला आहे. नाझी छळछावणीत कैदी असताना एका मरणोन्मुख जर्मन सैनिकाने त्यांना जवळ बोलावून इतर यहुद्यांच्या हत्येबद्दल त्यांच्याकडे क्षमा मागितली. ते काहीही न बोलता निघून गेले. मृतांच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार कोणाला आहे, यावरील यहुदी, ख्रिस्ती व अन्य विचारवंतांची मते त्या ग्रंथात संकलित आहेत.

आक्षेप : सूड घेण्यास असमर्थ असलेले लोक आपल्या दुर्बलतेलाच क्षमा हे नाव देतात, असा आक्षेप फ्रीड्रिख नीत्शे (१८४४–१९००) या तत्त्वज्ञाने १८८७ मध्ये घेतला. ख्रिस्ती विचारवंतांचे उत्तर असे, की खरी क्षमा हक्क व सामर्थ्य असूनही केलेली असते. दृष्टांतातील क्षमा करणारा राजाच आहे. डीट्रिख बोनहोफर (१९०६–४५) यांनी १९३७ मध्ये पश्चात्तापाविना वाटल्या जाणाऱ्या ‘स्वस्त कृपे’वर चर्चच्या आतूनच टीका केली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्त्रीवादी धर्मचिंतकांनी घरगुती हिंसाचार सोसणाऱ्या स्त्रियांना क्षमेच्या नावाखाली पुन्हा अत्याचाऱ्याकडे पाठविले जाते, हे निदर्शनास आणले. धर्मगुरूंकडून झालेल्या लैंगिक अत्याचारांच्या प्रकरणांतही क्षमेच्या उपदेशाने अपराध झाकला गेल्याचे अनेक देशांतील चौकशांत दिसून आले. यामुळे क्षमा मागून मिळते, पण हक्काने वसूल करता येत नाही. ती दुखावलेल्या व्यक्तीने आपल्या गतीने व स्वेच्छेने द्यावयाची असते, आणि क्षमा केली तरी पुन्हा धोक्यात जाण्याचे बंधन तिच्यावर येत नाही, हे मुद्दे आज अधिक स्पष्टपणे मांडले जातात. अंतःकरणापासून या अटीशी ते सुसंगतच आहेत; कारण दडपणाखाली उच्चारलेली क्षमा ओठांवरची असते आणि शुभवर्तमानाने मागितलेली क्षमा ती नव्हे.